न्यू वेव्ह म्हणजे नेमकं काय बाप्पा? पिक्चर, गाणे आन् कपडे

शिलाईमास्टर

राम राम मंडळी. माझं शिलाईचं दुकान हाय, ब्रह्मपुरीपासून थोडं आत, बाजाराच्या गावात. कॉलेजच्या पोरी येऊन गेल्या, गॅदरिंगले फॅशन शो ठेवला म्हने आन् थीम हाय 'न्यू वेव्ह'. इचारलं का मंग शिवू काय, त एकीनं मोबाईल दाखवला, त्यात एक गोरा मानूस अंगापेक्षा दुप्पट कोट घालून उभा. दुसरीच्या फोटोत पोरासारखे बारीक केस कापलेली बाई, साधा टीशर्ट, त्याच्यावर काहीतरी इंग्रजी छापलेलं. तिसरीच्या फोटोत पाच जन, डोक्यावर लाल कुंडी उलटी ठेवल्यासारखी. आता या तिन्ही फोटोचं एकमेकाशी नातं काय ते त्या तिघींलेबी सांगता आलं नाही, मले त काय येनार. यूट्यूबवर टाकलं त पहिले फ्रान्सचा पिक्चर निघाला, मंग इंग्लंडचे गाने निघाले, मंग केस कापाचं सलून निघालं. एकाच नावाखाली एवढं सगळं कसं काय? कोनाले माहीत असन त नीट सांगा, घाई नाही, पन कापड आनाले नागपूरले इतवारीत जा लागते, त्याच्या आधी सांगा.

वऱ्हाडी_ठेचा

मास्टर, आमच्या अकोल्यात दर मे महिन्यात लाट येते, तिले कोणी न्यू म्हणत नाही. जाणकार येतीनच, मी चटई टाकून बसलो.

रीळवाला

मास्टर, तुमच्या पोरींनी तीन वेगळ्या गावचे पाहुणे एकाच मांडवात आणून बसवले म्हणून हा घोळ होऊन राहिला. एकेकाले वेगळं घेऊ.

पहिले पिक्चर. नाव खरं म्हणजे पिक्चरचंही नव्हतं, १९५७ साली 'लेक्सप्रेस' नावाच्या फ्रेंच साप्ताहिकानं तिथल्या जवान पिढीची पाहणी छापली होती, फ्रान्स्वाज जिरू नावाच्या बाई तिथं संपादक, त्यांनी त्या पिढीले 'नूव्हेल व्हाग' म्हटलं. दोनेक वर्षांत ते नाव सिनेमावाल्यांना चिकटलं ते चिकटलंच. पॅरिसमध्ये 'काहिए द्यु सिनेमा' नावाचं मासिक होतं, १९५१ पासूनचं, त्यात लिहिणारे काही पोट्टे रात्रंदिवस पिक्चर पाहत आणि नावाजलेल्या दिग्दर्शकांची सालटी काढत. त्रुफो, गोदार, शाब्रोल, रिव्हेत, रोमेर ही मंडळी. त्यातला त्रुफो सगळ्यात तिखट. १९५४ मध्ये त्यानं लेख लिहिला का आपले मोठेमोठे पिक्चर म्हणजे एखादी नावाजलेली कादंबरी उचला, स्टुडिओत भारी सेट लावा आणि पटकथावाल्यानं लिहून दिलं ते गुळगुळीत करून उतरवून घ्या, यात दिग्दर्शकाचं स्वतःचं काय हाय? इतका बोलला का १९५८ ला फ्रान्समधल्या 'कान' गावच्या सिनेमा महोत्सवात त्याले येऊच दिलं नाही. आणि १९५९ ला त्याच कानमध्ये त्याच्या पहिल्याच मोठ्या पिक्चरले, 'फोर हंड्रेड ब्लोज'ले, दिग्दर्शनाचं बक्षीस. एका वर्षात.

पण बक्षिसापेक्षा हे पिक्चर बनले कसे ते पाहा, सगळी गंमत तिथं हाय. गोदारचा 'ब्रेथलेस', १९६० चा. त्याचा कॅमेरामन राऊल कुतार, हा आधी इंडोचायनाच्या लढाईत फोटो काढत होता, म्हणजे हातात कॅमेरा धरून पळायची सवय. ट्रॉली नाही, रूळ नाही, तर कुतारले व्हीलचेअरवर बसवलं आणि मागून गोदारनं स्वतः ढकललं. रात्रीचा सीन दिवे न लावता घ्यायचा होता तेव्हा सिनेमाची फिल्म कमी पडे, मंग साध्या फोटोच्या कॅमेऱ्याचे छोटे रोल एकाले एक जोडले. कॅमेरा खटखट आवाज करणारा म्हणून आवाज सगळा मागून भरला. रस्त्यानं जाणारे लोकं वळून वळून कॅमेऱ्याकडं पाहतात, ते तसंच ठेवलं. शेवटी पिक्चर लांब झाला तर पूर्ण सीन काढायच्या ऐवजी सीनच्या पोटातूनच तुकडे उडवले, म्हणून बोलता बोलता मानूस एकदम उडी मारल्यासारखा दिसते. आज रीलवाले पोट्टे तेच करतात, त्यांना माहीतबी नाही.

म्हणजे पिक्चरमधली न्यू वेव्ह हे दिसण्याचं नाव नाही, बनवण्याच्या पद्धतीचं नाव हाय. पैसा कमी, कॅमेरा हलका, सेट नाही, आणि बनवणारा बाहेरून आलेला. दिसणं त्यातून आपोआप आलं.

निंबोणी

रीळवालेदादा, तुमच्या यादीत सगळे बाप्ये. आन्येस वार्दा कुठं गेली? 'ला प्वांत कूर्त' १९५५ चा आहे, म्हणजे तुमच्या त्रुफोच्या चार वर्षं आधी. बाई मूळची फोटोग्राफर, पिक्चर तिनं फारसे पाहिलेलेही नव्हते, सेत् नावाच्या गावातल्या कोळीवाड्यात गेली आणि तिथल्याच माणसांना घेऊन, थोड्याशा पैशात पिक्चर केला. सगळे दिवस मासिकात भांडण्यात घालवले नाहीत म्हणून तिचं नाव मागं पडतं असं मला वाटतं.

रीळवाला

बरोबर हाय ताई. तिचं नाव पहिलंच पाहिजे होतं.

शिलाईमास्टर

हे समजलं बा. म्हनजे गरिबीत केलेलं काम. पन मंग त्या बारीक केसवाल्या बाईच्या टीशर्टचं काय? पोरीले तोच पाहिजे म्हनते.

करवतकाठी

मास्टरजी, ती जीन सीबर्ग, 'ब्रेथलेस'मधलीच. ती पॅरिसच्या रस्त्यावर पेपर विकत असते आणि टीशर्टवर त्या पेपरचं नाव, न्यूयॉर्क हेराल्ड ट्रिब्यून. बस एवढीच स्टोरी आहे त्या कपड्याची. म्हणजे तो फॅशन नव्हता, नोकरीचा ड्रेस होता, आपल्याकडं गॅस एजन्सीवाल्या पोराच्या शर्टावर नाव असते ना तसा. पण तिच्यावर इतका शोभला की साठ वर्षं झाली, दुकानवाले अजून छापून विकून राहिले. तुम्हाला त्यात शिवायचं काहीच नाही, होजिअरीचा पांढरा टीशर्ट घ्या आणि प्रिंट मारा. खाली काळी घोट्यापर्यंतची अरुंद पॅन्ट, मोहरी बारीक. खरं काम त्या मोठ्या कोटात आहे, त्याबद्दल नंतर लिहिते, आता स्वयंपाक राहिला.

ऑक्टोपॅड_भौ

आता गाण्याचं मी सांगतो. मी भंडाऱ्याकडचा, धुमाल पार्टीत, म्हणजे वरातीच्या वाजंत्र्यात, ऑक्टोपॅड (काडीनं वाजवाचा विजेचा ड्रम) वाजवतो, लग्नसराईत झोप नाही आणि आता पावसाळ्यात काम नाही, म्हणून लिवाले वेळ हाय.

गाण्यातली न्यू वेव्ह म्हणजे सरळ सांगतो, दुकानदारी. न्यूयॉर्कमध्ये बावरी नावाच्या रस्त्यावर, दारुडे पडून राहत अशा वस्तीत, सीबीजीबी नावाचा बार होता, १९७३ च्या शेवटी उघडला. नावाचा फुल फॉर्म कंट्री, ब्लूग्रास आन् ब्लूज, म्हणजे मालकाले भलतेच गाणे वाजवाचे होते, पण वाजवाले आले रामोन्स, टॉकिंग हेड्स, ब्लाँडी असे पोट्टेपोट्टी. याले, म्हणजे या कच्च्या धडाधड रॉकले, लोकं पंक म्हणत. इंग्लंडात सेक्स पिस्टल्सनं १९७६ च्या डिसेंबरात टीव्हीवर लाइव्ह शिव्या घातल्या आन् पंक नाव असं बदनाम झालं का अमेरिकेतले रेडिओवाले पंक म्हटलं का रेकॉर्ड हातात घेत नव्हते. आता सायर रेकॉर्ड्स नावाची कंपनी, मालक सेमूर स्टाइन, याच्याकडं रामोन्स बी, टॉकिंग हेड्स बी. माल पडून राहन त धंदा कसा होईन. १९७७ मध्ये त्यानं जाहिरातच सुरू केली का याले पंक म्हणू नका, न्यू वेव्ह म्हणा. झालं. तोच बार, तेच वाजवणारे, डब्ब्यावरचं लेबल बदललं.

पण एक सांगतो, लेबल कंपनीनं लावलं तरी मागून त्या नावाखाली खरंच वेगळी चीज तयार झाली. कारण मशीन स्वस्त झाल्या. सिंथेसायझर, म्हणजे विजेवर आवाज तयार करणारी पेटी, आधी खोलीभर राहे, मंग सत्तरमध्ये मिनीमूग निघाला, १९७८ ले प्रॉफेट-५, १९८० ले रोलंडचा टीआर-८०८ म्हणजे ढोल-ताशाची डब्बी, १९८३ ले यामाहाचा डीएक्स-७. ज्याले गिटार नीट येत नाही तो बी आता बोटानं बटन दाबून गाणं करू शके. गॅरी न्यूमनचं 'कार्स' ऐका, १९७९ चं, त्यात सिंथच पुढं. त्यात १ ऑगस्ट १९८१ ले एमटीव्ही चालू झालं, त्यांना रोज व्हिडिओ पाहिजेत, अमेरिकेच्या मोठ्या लोकांकडं व्हिडिओ नव्हते, इंग्लंडच्या या सिंथवाल्यांकडं होते. मंग काय, टीव्हीवर हेच दिसाले लागले, आन् टीव्हीवर दिसाचं त केस, कपडे, लिपस्टिक आलंच. मास्टर, तुमच्या फॅशनचं दार इथून उघडते.

आन् कॅशिओबद्दल सांगाचं राहिलं. १९८२ मध्ये जर्मनीच्या ट्रायो नावाच्या पार्टीनं 'दा दा दा' गाणं काढलं, त्यातला ठेका कॅशिओ व्हीएल-१ चा, ज्याच्यात कॅल्क्युलेटर बी होता. हिशेब करा नाहीतर गाणं करा. आमच्या गावात पहिला कॅशिओ आला तेव्हा आमचे बॅन्जोवाले काका म्हणे, याच्यात ठेका आपोआप वाजते त आता ढोलकीवाल्याच्या पोटावर पाय. ढोलकीवाला मेला नाही, तो ऑक्टोपॅड शिकला. तो म्हणजे आमचे वडील.

वऱ्हाडी_ठेचा

शेवटच्या ओळीले लाइक.

निंबोणी

ऑक्टोपॅडभौ, छान लिहिलं. पण तुम्ही म्हणता गाण्यात ते लेबल होतं आणि रीळवालेदादा म्हणतात पिक्चरमध्ये ती पद्धत होती. मला हा फरक पटत नाही. नाव तर सिनेमावाल्यांनाही दुसऱ्यानंच दिलं ना, साप्ताहिकानं. आणि जपानचं पाहा, १९६० च्या सुमारास शोचिकू नावाच्या मोठ्या स्टुडिओचा धंदा मंदावला तर त्यांनी आपल्याच नोकरीतल्या तरुण दिग्दर्शकांना पुढं केलं आणि 'नूबेरू बागू' म्हणून विकलं, फ्रेंच नावाचा जपानी उच्चार. म्हणजे मोठ्या कंपनीनंच आपल्याविरुद्धचं बंड छापून दिलं. त्यातल्या ओशिमा नावाच्या दिग्दर्शकाचा पिक्चर त्यांना राजकीय वाटला तर चार दिवसांत थिएटरातून उतरवला, तो वैतागून बाहेर पडला. मी शाळेत शिकवते, पोरांना नवीन म्हटलं की डोळे चमकतात, पण नवीन म्हणणारा कोण आणि त्याला त्यात काय मिळतं हे पहिले विचारायला पाहिजे.

रीळवाला

ताई, नाव कोणी दिलं यानं काम खोटं ठरत नाही. ओशिमानं पुढं स्वतःची कंपनी काढून जे केलं ते स्टुडिओच्या लेबलावर नाही केलं.

आपल्याकडंच पाहा ना. आपल्याकडं पैसा सरकारकडून आला. १९६० ला फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन काढलं, आधी मोठ्यांनाच कर्ज देत, मंग साठच्या दशकाच्या शेवटी नवीन लोकांना थोडे थोडे पैसे द्यायले लागले. १९६९ च्या आसपास एकदम तीन पिक्चर, मृणाल सेनचा 'भुवन शोम', बासू चटर्जीचा 'सारा आकाश', मणी कौलचा 'उसकी रोटी'. तिन्हीचा कॅमेरामन एकच, के. के. महाजन, पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून नुकताच निघालेला. म्हणजे खरी लाट एका माणसाच्या खांद्यावर होती म्हणा ना. 'भुवन शोम'मध्ये आवाज अमिताभचा हाय, तेव्हा त्याले कोणी ओळखत नव्हतं. सत्यजित रेंना हे सगळं काही फार पटलं नाही, त्यांनी 'भुवन शोम'ची सात शब्दांत थट्टा केली का दुष्ट साहेबाले गावची पोरगी सुधारवते. स्वतः रेंनी 'पथेर पांचाली' १९५५ मध्येच काढला होता, पश्चिम बंगाल सरकारच्या पैशावर, फ्रेंचांच्या आधी, म्हणून त्यांना बोलायचा हक्क होता असं मी म्हणीन.

आणि सगळ्यात भारी गोष्ट 'मंथन'ची, १९७६. गुजरातच्या दूध संघाच्या पाच लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये दिले, त्याच्यात बेनेगलनं पिक्चर केला. कापूस पणन संघानं आपल्या काळात असं काही केलं असतं तर? जाऊ द्या, तो विषय काढला तर धागा भलतीकडं जाईन.

इराणचं बी एक सांगतो, कारण ते आपल्या लोकांना लगेच समजन. त्याच १९६९ साली दारिउश मेहरजुईचा 'गाय' नावाचा पिक्चर. गावात एकाच माणसाकडं गाय, तो बाहेरगावी गेला तेव्हा मरते, लोकं त्याच्यापासून लपवतात, पळून गेली म्हणतात, आणि तो माणूस हळूहळू स्वतःलेच गाय समजाले लागते. गोठ्यात जाऊन कडबा खाते. मी आमच्या गल्लीत मोबाईल टीव्हीले जोडून हा दाखवला होता, भाषा फारसी, खालची इंग्रजी कोणाले वाचता येत नव्हती, मी मधून मधून सांगत होतो. अर्ध्यातून मले सांगू देणं बंद केलं लोकांनी. चूप बस म्हणे, समजते.

शिलाईमास्टर

हे पाहतो मी. लिंक टाका.

वऱ्हाडी_ठेचा

रीळवाले, दूरदर्शनवर रविवारी दुपारी लागत ते तेच पिक्चर काय? ग्रामपंचायतीच्या टीव्हीसमोर संध्याकाळच्या हिंदी पिक्चरसाठी जागा धरून ठेवाले आम्ही दुपारीच जाऊन बसत होतो, तर दीड वाजता बंगाली नाहीतर मल्याळी पिक्चर लागे, एक बाई विहिरीवरून पाणी आणते, दहा मिनिटं पाणीच आणते, मंग नवरा येते, काही बोलत नाही. आम्ही शेंगा खात पाहत राहत होतो कारण उठलो का जागा गेली. आजही मले त्या बाईचं पाणी आठवते आणि संध्याकाळचे हिंदी पिक्चर एकबी आठवत नाही.

रीळवाला

तेच ते. प्रादेशिक भाषेतले पारितोषिकवाले. कित्येक गावांत असे पिक्चर पोचले ते फक्त त्या जागा धरण्यामुळं.

झाडीचा_नट

मी वडसा लाइनचा, पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकात काम करतो. तुमचं सगळं वाचलं जी. मले सांगा, आमचं झाडीपट्टीचं नाटक न्यू वेव्हमध्ये बसते का? स्टुडिओ नाही, सरकार नाही, धान निघालं का दिवाळीपासून होळीपर्यंत वावरात मंडप टाकून रातभर नाटक, तिकीट लावून, गावची मंडळी कर्ज न काढता करते. वडस्याच्या कंपन्या पुन्या-मुंबईचे कलाकार आनतात. आमच्यातल्या परशुराम खुणे यांना २०२३ ले पद्मश्री भेटली. तुमच्या व्याख्येत त सगळं बसते, कमी पैसा, बाहेरचे लोकं, उघड्यावर.

निंबोणी

माझ्या मते नाही बसत दादा, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. त्रुफोला आधीचा सिनेमा पाडायचा होता. झाडीपट्टीला आधीचं काही पाडायचं नाही, दंडार आणि खडी गंमत हे जुने लोकखेळ जिवंत ठेवून त्याच मातीवर नाटक उभं केलं. तुम्ही लोक प्रेक्षकाशी भांडत नाही, त्याच्यासाठी रातभर जागता. शंकरपटाला, म्हणजे बैलांच्या शर्यतीला, आलेला माणूस रात्री नाटकाला बसला पाहिजे, पहाटे उठून गेला नाही पाहिजे, हा तुमचा हिशेब. न्यू वेव्हवाल्यांना अर्धे लोक उठून गेले तरी चालायचं.

झाडीचा_नट

हे बराबर बोलली बाई. आमच्याकडं उठून गेले त पुढच्या सालचं बुकिंग गेलं. पन ऑर्गनच्या बाजूले ऑक्टोपॅड बसवला तवा जुन्या लोकांनी आम्हालेबी शिव्या देल्याच होत्या.

ऑक्टोपॅड_भौ

त्या शिव्या माझ्या बापानं खाल्ल्या.

वऱ्हाडी_ठेचा

मंग 'फँड्री', 'कोर्ट', 'झुंड' हे काय? मराठीत नवीन लाट आली असं पेपरात वाचलं होतं.

रीळवाला

मराठीत ती दोनदा आली म्हणा. पहिल्यांदा तेंडुलकरांच्या काळात, 'शांतता! कोर्ट चालू आहे' १९७१, मंग जब्बार पटेलांचा 'सामना', १९७९ चा 'सिंहासन'. मंग मोठं रिकामं गेलं, आणि २००४ मध्ये 'श्वास'ले सुवर्णकमळ भेटलं, 'श्यामची आई'नंतर पहिल्यांदा मराठीले. तिथून पुढं 'फँड्री' २०१३, 'कोर्ट' २०१४. 'कोर्ट'मधले लोकशाहीर नारायण कांबळे म्हणजे आपल्या नागपूरचे वीरा साथीदार, चळवळीतला माणूस, नट म्हणून कोणी ओळखत नव्हतं. २०२१ ला कोरोनात गेले. तो माणूस पडद्यावर खटला चालवला जात असताना नुसता बसून राहते ना, त्याचं ते बसणं कोणत्या ॲक्टिंग स्कूलमध्ये शिकवता येत नाही. 'झुंड' मराठी नाही, हिंदी हाय, पण त्यात नागपूरच्या वस्तीतले पोट्टे घेतले, खरेच फुटबॉल खेळणारे, त्यांची भाषा बदलली नाही, "बे" तसंच ठेवलं. मोठ्या पिक्चरमध्ये नागपुरी बोली नोकराच्या नाहीतर विनोदाच्या तोंडी असे, तिथं ती हिरोच्या तोंडी आली.

निंबोणी

यात मला 'गाभ्रीचा पाऊस' घालायचा आहे, २००९ चा, सतीश मनवरांचा. शेतकरी आत्महत्या करेल या धाकानं बायको त्याच्या मागं मागं पोराला पाठवते, गोडधोड करून घालते आणि त्याला कळत नाही ही अशी का वागून राहिली. आमच्या तालुक्याला तो लागलाच नाही. लागायला थिएटर पाहिजे, आमचं टॉकीज तेव्हा लग्नाचा हॉल झालं होतं. ज्यांच्यावर पिक्चर काढला त्यांनी तो मोबाईलवर, दुसऱ्यानं पाठवलेल्या फाइलीत पाहिला. फ्रान्सची लाट निदान पॅरिसच्या थेटरात तरी लागायची, आपली पुण्या-मुंबईत लागते आणि बर्लिनच्या महोत्सवाला जाते.

करवतकाठी

झाला स्वयंपाक. मास्टरजी, आता तुमच्या कामाचं.

मोठा कोटवाला माणूस म्हणजे डेव्हिड बर्न, टॉकिंग हेड्सचा, ऑक्टोपॅडदादांनी वर सांगितलेल्या बारमधलाच. हे लोक डिझाइन कॉलेजमध्ये भेटलेले, म्हणून कपड्याकडं यांचं लक्ष आधीपासून. १९८३ च्या टूरमध्ये त्यानं तो सूट घातला आणि १९८४ च्या 'स्टॉप मेकिंग सेन्स' पिक्चरमध्ये सगळ्या जगानं पाहिला. जपानच्या नोह नाटकातले रुंद चौकोनी कपडे पाहून त्याला सुचलं, आणि त्याला डोकं लहान दिसायला पाहिजे होतं. डोकं लहान करता येत नाही म्हणून अंग मोठं केलं. त्याच्या आत आधाराला वेगळा साचा होता, नुसता मोठा मापाचा कोट नव्हता तो.

लाल कुंडीवाले म्हणजे डीव्हो, अमेरिकेच्या ॲक्रन गावचे, टायरच्या कारखान्यांचं गाव. ते त्या टोपीला एनर्जी डोम म्हणत. ते शिवू नका, कुंभाराकडं पण जाऊ नका, पुठ्ठ्याचे गोल एकावर एक लहान होत जाणारे चिकटवा आणि लाल रंग मारा.

पण फॅशनमधली न्यू वेव्ह म्हटली की माझ्या डोक्यात पहिली येते ती बारीक टाय. सत्तरच्या दशकात टाय चार इंच रुंद, कॉलरचे कान खांद्यापर्यंत, बेलबॉटम. त्याला कंटाळून या पोरांनी जुन्या कपड्याच्या दुकानातून साठच्या दशकातले अरुंद सूट आणले, दीड-दोन इंचाची टाय लावली. म्हणजे नवीन म्हणून जे विकलं ते वीस वर्षांपूर्वीचं सेकंडहँड होतं. नंतर लंडनमध्ये ब्लिट्झ क्लबवाले आले, न्यू रोमँटिक, झालरीचे शर्ट, पोरांच्या तोंडाला पावडर, व्हिव्हियन वेस्टवूडचं १९८१ चं पायरेट कलेक्शन. त्याच १९८१ मध्ये जपानच्या रेई कावाकुबो आणि योहजी यामामोतो यांनी पॅरिसमध्ये काळे, ढगळ, अंगाला न धरणारे कपडे दाखवले आणि तिथल्या लोकांना काय बोलावं कळेना. माझ्या मते कपड्यातली खरी नवीन गोष्ट ती होती, बाकी सगळं गाण्याच्या मागं मागं आलं.

एक सुचवते. तीन पोरी आहेत तर एक पॅरिसची, एक न्यूयॉर्कची, आणि तिसरी आपली करा. आंधळगावच्या टसरचा मोठा कोट शिवा. टसर हातात घेतलं की थोडं कडक, रखरखीत असते, आकार धरते. आणि ते कापड बाहेरून आणलेलं वाटणार नाही.

शिलाईमास्टर

ताई, कोट मोठा शिवनं म्हनजे मोठ्या मापाचा शिवनं नाही हे तुमी बोलल्या ते सोळा आने खरं. मी काल जुन्या सुटिंगच्या तुकड्यावर करून पाहिलं. खांदा नऊ इंच धरला का बाही खाली लोंबते, पोरगी चालली का कोट मागं सरकते आन् गळ्याजवळ उलटते. बकरम, म्हनजे आतलं कडक कापड, लावलं त पुढून पाटीसारखं उभं राहते पन बाजूनं पाहिलं का पोकळ. मंग आतून एक वेगळी बंडी शिवली, अंगाले घट्ट, तिच्याच खांद्याले फोमचे दोन पॅड, आन् कोट त्या बंडीले चार जागी टाचला. आता पोरगी वळली का कोट तिच्यासंगं वळते. पॉलिस्टरमध्ये मातर हे होत नाही, ते घसरते. टसर परवडन का ते पोरींच्या बापांना इचारतो, अस्तर मी माझ्याकडून टाकतो.

आन् मोहरीचं एक. आमच्या बापानं बेलबॉटमच्या काळात चोवीस इंच मोहरी शिवली, मंग त्याच गिऱ्हाइकांच्या त्याच पॅन्टी उसवून चवदा केल्या. उरलेल्या कापडाच्या पिशव्या केल्या. त्याले कोनी न्यू वेव्ह म्हटलं नाही, शिलाई मातर दोनदा भेटली.

ऑक्टोपॅड_भौ

मास्टर, स्टेजवर गाणं कोणतं लावाचं ते ठरलं का? मी सांगतो. चरणजित सिंग नावाचे मुंबईचे वाजवणारे होते, हिंदी पिक्चरच्या ऑर्केस्ट्रात गिटार, सिंथ वाजवत. १९८२ मध्ये त्यांनी रोलंडचे तीन मशीन घेतले, टीआर-८०८, टीबी-३०३ आन् ज्युपिटर-८, आन् दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवून रेकॉर्ड काढली. विकली गेली नाही. पाच वर्षांनी अमेरिकेच्या शिकागोत पोट्ट्यांनी त्याच टीबी-३०३ वर ॲसिड हाऊस नावाचं नाचाचं मशीनी संगीत काढलं आन् जग नाचाले लागलं. २०१० मध्ये ही रेकॉर्ड परत निघाली तेव्हा विलायतेतले लोकं डोक्याले हात लावून बसले का हे मुंबईत आधीच झालतं.

रीळवाला

भौ, रेकॉर्ड झकास हाय पण ती न्यू वेव्ह नाही. मागं कोणी आलंच नाही. एकट्यानं केलं, लोकं विसरले.

ऑक्टोपॅड_भौ

नसन त नसन. पोरी चालाले ठेका पाहिजे, नाव नाही पाहिजे.

शिलाईमास्टर

कुठं भेटन? पेनड्राइव्हमध्ये टाकून देनार का?

ऑक्टोपॅड_भौ

यूट्यूबवर हाय, 'टेन रागाज टू अ डिस्को बीट' टाका. पहिलाच तुकडा भैरवी. आपल्याकडं मैफिलीत भैरवी शेवटाले गातात, यानं सुरुवातीलेच लावली. तुमची मोठ्या कोटवाली पोरगी त्याच्यावरच सोडा, पण थोडं थांबवून, ठेका बसाले वेळ लागते.